मदत हवी आहे: एसक्यूएल सर्व्हरवरच्या कॅशेतून नुसतं वाचलं तरी अपडेट का होतो?

मंडळी, सध्या डिस्ट्रिब्युटेड कॅशे (वारंवार लागणारी माहिती ॲपच्या सगळ्या प्रतींसाठी एकाच जागी साठवणं) शिकतोय. एएसपी डॉट नेट कोअरचं सरावाचं ॲप आहे, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे त्याचे दोन इन्स्टन्स (प्रती) चालतात. इन-मेमरी कॅशे प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे एकीकडे बदललेली माहिती दुसरीकडे जुनीच दिसते. दोघांत सामाईक कॅशे हवी म्हणून हाताशी असलेला एसक्यूएल सर्व्हर घेतला.

टेबल साधं आहे: आयडी, बाइट्समध्ये व्हॅल्यू आणि मुदतीचे तीन कॉलम. पण प्रोफायलर (डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरी दाखवणारं साधन) लावला तर प्रत्येक गेटला, म्हणजे कॅशेतून वाचताना, आधी अपडेट (ओळ बदलणारी क्वेरी) जातो, मग सिलेक्ट (ओळ वाचणारी). वाचायला लिहावं का लागतं? मुदत संपलेल्या ओळीही तशाच पडून आहेत. आणि मुख्य शंका म्हणजे डेटाबेसचा भार कमी करायला कॅशे, आणि ती पुन्हा डेटाबेसातच, मग मिळवलं काय? कृपया 'सरळ रेडिस (मेमरीत चालणारा वेगळा कॅशे सर्व्हर) वापर' एवढंच सांगू नका, मुळातून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १:
तो अपडेट स्लायडिंग मुदतीसाठी आहे. सेट करताना मुदत दिली नाही तर २० मिनिटांची स्लायडिंग मुदत आपोआप लागते, आणि मग दर वाचनाला ती पुढे सरकवावी लागते. फक्त ॲब्सोल्यूट (ठरल्या वेळी संपणारी, न सरकणारी) मुदत देऊन बघ. अपडेट तरीही जाईल, पण एकही ओळ बदलणार नाही, कारण स्लायडिंगचा कॉलम नल (रिकामा) असलेल्या ओळी तो वगळतो.

पडून असलेल्या ओळींची काळजी नको. सिलेक्ट मुदत तपासूनच ओळ देतो. साफसफाई मुळात ३० मिनिटांच्या अंतराने होते, तीही कॅशेला कुणी हात लावला तरच.

मिळवलं काय, हे कशाची कॅशे करतोस त्यावर आहे. प्रायमरी कीने (ओळीच्या एकमेव ओळखीने) थेट मिळणारी एक ओळ कॅशेत टाकून काहीच साधत नाही. पाच टेबलं जोडून, बेरजा करून येणारा अहवाल असेल तर मात्र दर वेळच्या त्या कसरतीऐवजी कीवर एक ओळ वाचायची, हा मोठा फरक. कॅशेसाठी वेगळा सर्व्हर ठेवलास तर मुख्य डेटाबेस खरोखर मोकळा होतो.

धागाकर्ता:
ॲब्सोल्यूट केल्यावर ओळी बदलायच्या थांबल्या, आभार! मूळ माहिती बदलल्यावर कॅशेतली तिची की (त्या आयडीची नोंद) कधी काढायची, कमिटच्या (डेटाबेसात बदल पक्का होण्याच्या) आधी की नंतर?

प्रतिसाद २:
नंतर. आधी काढलीस तर मधल्या वेळात दुसरा इन्स्टन्स जुनीच माहिती वाचून पुन्हा कॅशेत भरू शकतो. नंतर काढूनही ही फट पूर्ण बुजत नाही, म्हणून मुदत छोटीच ठेव.