विमान तासावर भाड्याने द्यायचंय, रेट आणि बुकिंगचे नियम कसे लावायचे?

कांजूरचा_कोडर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने आणि अजून चौघांनी मिळून एक सेसना १७२ आणि एक सेसना १५२ घेतलंय, छोटासा क्लब आहे, पंधरा मेंबर, तासावर भाड्याने घेऊन स्वतः उडवतात, काहीजण अजून शिकतायत. आत्तापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एका एक्सेल शीटवर, मग एका शनिवारी सकाळी एकाच विमानासाठी दोघं हजर, दोघांच्या बायकापोरं डबे घेऊन बरोबर, आणि तिथेच वाजलं. मला म्हणाला तू सॉफ्टवेअरवाला ना, बनवून दे. मी विमान बघितलंय ते टर्मिनल २ वर पाहुण्यांना सोडायला गेल्यावर, पण आमच्या सोसायटीच्या हॉलचं बुकिंग अ‍ॅप मीच केलंय त्यामुळे म्हटलं त्यात काय, हॉलच्या जागी विमान.

पहिल्याच बिलाला तोंडावर आपटलो. मेंबरने उतरल्यावर १.३ टाकलं, माझ्या सिस्टमने ते १ तास ३० मिनिटं धरलं, तासाला १६० डॉलरने २४० चं बिल गेलं. रात्री दोन वाजता भावाचा फोन, अरे ३२ डॉलर जास्त लावलेस. आता हात लावायच्या आधी विचारतोय. रेट नक्की कशावर लावतात, मिनिमम असतं का, कॅन्सल केलं तर काय, आणि काय काय ब्लॉक करायचं? इथे कोणीतरी विमानवाले असतीलच.

शिवाजीपार्क_सर्किट
भावा १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं. विमानाचं मीटर तासाच्या दहाव्या भागात पळतं, एक घर म्हणजे ६ मिनिटं. फील्ड दशांशच ठेव, आणि मेंबरला "किती उडालास" विचारूच नको, सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा घे, वजाबाकी तू कर. शिवाय आधीच्या माणसाचा शेवटचा आकडा आणि याचा पहिला आकडा जुळतो का ते बघ, मध्ये ०.४ गायब असेल तर कोणीतरी गुपचूप फिरवून आणलंय किंवा लिहायला विसरलाय.

आता खरी गोष्ट, रेटच्या आधी कुठला तास ते ठरव. विमानात दोन मीटर असतात. एक हॉब्ज, ते बहुतेक ट्रेनर विमानांत ऑईल प्रेशर आलं की चालू होतं, म्हणजे इंजिन सुरू झालं की पैसे सुरू, तू रनवेच्या आधी लायनीत उभा असलास तरी. दुसरं टॅक, ते इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, क्रूझच्या म्हणजे वर सरळ उडतानाच्या आरपीएमला बरोब्बर एक तास दाखवतं पण जमिनीवर १००० आरपीएमला रांगत असताना खूप हळू सरकतं. आपल्या रिक्षाचं बघ, वेटिंगसकट मीटर म्हणजे हॉब्ज, नुसत्या किलोमीटरचं मीटर म्हणजे टॅक. सर्किट मारणाऱ्या, म्हणजे उडून रनवेला फेरी मारून परत उतरायचा सराव करणाऱ्या पोराचं हॉब्ज १.५ आलं तर टॅक १.२ च्या आसपास येईल. म्हणून टॅकवर बिल लावणारे तासाचा रेट चढा ठेवतात, आणि मेंबर दोन क्लबांचे रेट शेजारी ठेवून हा महाग तो स्वस्त करत बसतात. काही विमानांत हॉब्ज मास्टर स्विचला, म्हणजे विजेच्या मुख्य बटणाला जोडलेलं असतं, कोणी मास्टर चालू ठेवून घरी गेला की बॅटरी संपेपर्यंत मीटर फिरतंय, त्यामुळे अ‍ॅडमिनला हाताने दुरुस्ती करायची सोय ठेव, कारण लिहिल्याशिवाय मात्र नको.

माझं मत विचारशील तर शिकणाऱ्यांच्या क्लबात टॅक बरं. हॉब्जवर घड्याळ बघत पोरं चेकलिस्ट भराभर उरकतात, मी स्वतः उरकलीय.

आणि वेदर कॅन्सलेशनला एक पैसा लावायचा नाही, हे दगडावर कोरून ठेव. मी फ्लोरिडात आवर बिल्डिंग करत होतो, म्हणजे उड्डाणाचे तास जमवत होतो, आपल्याकडे सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) २०० तास लागतात त्यातले बरेच तिकडे केले. क्लबचं नाव घेत नाही, पण त्यांचा नियम होता की विमान रात्री बाहेर ठेवलं तर दिवसाला किमान ३ तासांचे पैसे, उडा नाहीतर झोपा. आम्ही दोघं एका लहान एअरपोर्टवर रात्री राहिलो, सकाळी उठतो तर धुकं, पंखावर हात फिरवला तर कोपरापर्यंत ओला, रनवेपलीकडची पाण्याची टाकी पाच मिनिटं दिसायची आणि परत गायब. पार्टनर म्हणतोय, तीन तासांचे पैसे जातील रे, टाकी दिसली की निघू. इंजिन सुरूसुद्धा केलं होतं आम्ही. टाकी परत गेली तेव्हा बंद केलं, आणि संध्याकाळपर्यंत बसून वेंडिंग मशीनची बिस्किटं खाल्ली. तीन तासांचे पैसे त्यांनी लावलेच. मला राग पैशांचा नाही, त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात हवामानाऐवजी बिल चालू होतं याचा आहे.

कांजूरचा_कोडर
बापरे. पण दादा, वेदर म्हणून कोणीही काहीही सांगेल ना? आदल्या रात्री पार्टी आणि सकाळी "ढग होते". आमच्या हॉलला पण लोक आजी आजारी करतात.

शिवाजीपार्क_सर्किट
सांगू दे की. निर्णय पायलटचा, वाद घालायचा नाही. न सांगता आलाच नाही तर नो-शो लाव, एक तासाचा रेट पुरे. फोन करून कॅन्सल केलं तर कारण फक्त नोंदवून ठेव. तोच माणूस स्वच्छ उन्हात चौथ्यांदा ढग सांगायला लागला की कमिटी बघेल त्याचं, सॉफ्टवेअरने न्यायाधीश व्हायची गरज नाही. मिनिमम मात्र ठेव, नाहीतर कोणीतरी शुक्रवार ते रविवार विमान घेऊन जाईल, जाऊन येऊन २ तास उडेल, आणि बाकीचे तीन दिवस आकाशाकडे बघत बसतील. पण ते दिवसागणिक नको, पूर्ण ट्रिपची सरासरी काढ, आणि हवामानाने अडकलेला दिवस त्यातून वगळ.

हिशोबवाली_गोरेगावकर
मी विमानातली नाही, सीएच्या ऑफिसात आहे, पण तुझ्या १६० डॉलरमध्ये काय काय आहे ते कोणी विचारलंच नाही म्हणून लिहितेय. समज आकडे असे. तासाला साडेआठ गॅलन पेट्रोल, ६ डॉलरने ५१. ऑईल वगैरे ७. इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखं करायला, समज ३६,००० आणि ते २००० तासांनी, म्हणजे तासाला १८ बाजूला. टायर, ब्रेक, बारीकसारीक रिपेअर २४. झाले बरोब्बर १००. आता इन्शुरन्स, पार्किंग, वर्षाची तपासणी हे विमान उडो न उडो लागतंच, समज वर्षाला १८,०००. वर्षात ३०० तास उडालं तर तासाला ६०, एकूण १६०. पण उडालं २०० तासच तर तेच ९० होतात, रेट १९० वर. रेट वाढला की लोक कमी उडणार, मग १९० पण पुरणार नाही. म्हणून तो १८,००० चा बोजा तासावर टाकूच नको. पंधरा मेंबर म्हणजे माणशी वर्षाला १,२००, महिन्याला १०० वर्गणी, सोसायटीचा मेंटेनन्स असतो तसा, घर बंद असलं तरी भरायचा. मग तासाचा रेट १०० ठेवता येतो आणि पोरं उडतात. १५२ चं वेगळं काढ, ते पेट्रोल कमी पितं.

हां आणि इंजिनाचे १८ वेगळ्या खात्यात टाकायला सांग भावाला. नाहीतर ते पैसे दिवाळीच्या बोनससारखे कुठे जातात कळत नाही.

पेट्रोलसकट रेट असेल, तिकडे त्याला वेट म्हणतात असं वाचलं, तर मेंबरने दुसऱ्या एअरपोर्टवर भरलेल्या पेट्रोलचं काय ते पण ठरव. माझ्या मते आपल्या एअरपोर्टच्या भावाने परत द्यायचे, तिथल्या नाही. नाहीतर लोक महागड्या ठिकाणी टाकी फुल करून पावती तुमच्या गळ्यात मारतील.

पाना_नंबर_दहा
मी एएमई आहे, म्हणजे विमानांचा मेंटेनन्स इंजिनीअर, सांताक्रूझला हँगरमध्ये वीस वर्षं. रेटचं तुम्ही बघा, मला बुकिंगमध्ये मेंटेनन्स हवा. अमेरिकेचा नियम असा की वर्षाची तपासणी सगळ्यांनाच, ती बारा कॅलेंडर महिने चालते म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. शिवाय क्लब विमान आणि इन्स्ट्रक्टर दोन्ही देऊन पैसे घेत असेल तर दर १०० तासांना तपासणी. नुसतं भाड्याने दिलं तर १०० तासांची लागत नाही. तुमच्याकडे काहीजण शिकतायत म्हणालात, तर भावाला विचारा इन्स्ट्रक्टर कोण देतो. १०० च्या वर १० तास चालतात ते फक्त तपासणीच्या जागी न्यायला, आणि ते पुढच्या १०० मधून कापले जातात, ती सवलत समजून बुकिंग घेऊ नका.

आता तुमच्या सॉफ्टवेअरचं. नुसती तारीख बघून चालत नाही. समजा तपासणी टॅक ३४१२.० ला आहे आणि आज मीटर ३४०४.६. उरले ७.४. पुढे बुकिंगं पडलीयत ३, ३ आणि अडीच तासांची. कॅलेंडरवर तिन्ही हिरवी दिसतील, पण तिसरा माणूस सकाळी येईल तेव्हा १.४ शिल्लक. म्हणून बुक करताना अंदाजे तास विचारा आणि बेरीज मारा, तिसऱ्याला आदल्या आठवड्यातच कळवा. प्रत्येक फ्लाइटनंतर खरा आकडा आला की परत बेरीज.

आणि स्नॅग, म्हणजे विमानात सापडलेला बिघाड. कुठल्याही मेंबरला विमान लाल, म्हणजे बुकिंगला बंद करता आलं पाहिजे, अगदी काल जॉइन झालेल्याला. हिरवं करायचा अधिकार मात्र एकाच माणसाचा, मेकॅनिकशी बोलून. उलटं ठेवलंत तर "अरे तेवढं चालतं" म्हणणारा एक निघतोच, आमच्याकडे पण आहे.

शिवाजीपार्क_सर्किट
पानावाल्यांना +१. माणसाचं पण तसंच लॉक ठेव. मेडिकल संपलंय का, २४ महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी झालीय का. पॅसेंजर न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत ३ टेकऑफ ३ लँडिंग लागतात, ते फक्त पॅसेंजरसाठी, एकटा गेला तर त्याला अडवू नको, नाहीतर तो ती तीन लँडिंगं करणार कधी?

जुहूचा_जुना
मी १९८० च्या दशकात एका फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात होतो. आमच्याकडे सॉफ्टवेअर म्हणजे काळा फळा आणि खडू. वर विमानांची नावं, बाजूला तास. एक गृहस्थ दर सोमवारी सगळ्यात आधी येऊन महिन्याच्या चारही रविवारच्या सकाळी स्वतःच्या नावावर करायचे आणि उडायचे एकाच रविवारी. शेवटी आमच्या इन्स्ट्रक्टरने नियम काढला, एका माणसाची फळ्यावर एका वेळी दोनच नावं, एक पुसलं जाईपर्यंत तिसरं नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला की बाकावर बसलेला पुढचा जाणार. बाकावर पोरं सकाळी सहापासून बसायची, चहा मारत, पहिल्याचा उशीर व्हावा म्हणून देवाला हात जोडत. तुम्ही तेवढा बाक तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, म्हणजे कोणी कॅन्सल केलं की यादीतल्या पहिल्याला मेसेज गेला पाहिजे.

आणि हे बघून कोणी ठाण्यात असला धंदा काढू नका हो. आपल्याकडे प्रायव्हेट म्हणून नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही, डीजीसीए म्हणजे आपलं विमान खातं धरेल.

कांजूरचा_कोडर
काका, दोनचा नियम घेतला, बाक पण घेतला. टॅकवर बिल, वर्गणी वेगळी, वेदरला शून्य, नो-शोला एक तास, तपासणीची बेरीज आज रात्री करतो. भावाला विचारलं, इन्स्ट्रक्टर क्लबच देतो, म्हणजे १०० तासांचं लागू. विद्यार्थ्याचं बुकिंग घेताना विमान आणि इन्स्ट्रक्टर दोन्ही मोकळे आहेत का बघायचं हे पण मी विसरलेलो. वेळ सगळी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत साठवलीय, तेवढं तरी बरोबर ना?

एरोलीचा_डेव्ह
झालेल्या फ्लाइटला बरोबर, पुढच्या बुकिंगला नाही. कोणी "दर रविवारी सकाळी ८" असं लावलं असेल तर उन्हाळ्यात ते यूटीसी १२ म्हणून बसलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं, मग तेच बुकिंग सकाळी ७ ला दिसेल. तिथली स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव साठव. टेस्ट सर्व्हरवर तारीख पुढे करून बघ.

कांजूरचा_कोडर
केली पुढे. ७ दाखवतंय. शिवाय ८ वाजता दुसऱ्याला मोकळं पण दाखवतंय, म्हणजे परत दोघं जण डबे घेऊन हजर. बसतो दुरुस्तीला, रात्रीचे दोन वाजायच्या आत.