म्हणे ट्यूबचे ३० वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचे १००!

खरजातला: काल इथे एकाने ठोकून दिलं की गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचा (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) वॉट ‘मोठा’ असतो, ३० म्हणजे ट्रान्झिस्टरचे १००. डोकंच फिरलं. म्हशीच्या दुधाचा लिटर गायीच्या लिटरपेक्षा मोठा असतो का? शिवाय ३० आणि १०० मध्ये फरक जेमतेम ५ डेसिबलचा.

तार_तुटली: गणित बरोबर, कान कुठे ठेवलेत? ऑर्केस्ट्रात माझा १०० वॉटचा ट्रान्झिस्टर होता. ड्रम्स सुरू झाले की मी गायब. वाढवला की पत्रा फाटल्यासारखा. मित्राचा ३० वॉटचा ट्यूबवाला दोघांनी धापा टाकत जिना चढवला, पहिल्याच गाण्यात ढोलकीवाला वळून बघायला लागला. ते काय भूत होतं?

खरजातला: भूत नाही, क्लिपिंग, म्हणजे ताकद संपली की आवाजाच्या लाटेचा माथा छाटला जाणं. ३० हा साफ आवाजाचा आकडा. पुढे रेटलं की ट्यूबमध्ये लाटेचा माथा हळूहळू चपटा होतो, कानाला बरं वाटतं म्हणून तू रेटतच राहतोस. लाट पार चौकोनी झाली तर कागदावर ६० वॉट, प्रत्यक्षात सप्लाय दमतो म्हणून कमीच. ट्रान्झिस्टर निगेटिव्ह फीडबॅकच्या (आउटपुट उलटा करून इनपुटला देऊन चूक सुधारण्याच्या) जोरावर शेवटपर्यंत साफ, मग थेट कडेलोट. तिथे तू त्याला नेतच नाहीस.

तार_तुटली: म्हणजे मीच बरोबर. एवढ्यासाठी एवढा निबंध?

पेटीमास्तर: आणि ट्यूबचे सम हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपसूर? गोडवा त्यांचाच.

खरजातला: व्हॉक्स एसी३० या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ईएल८४ जातीच्या चार आउटपुट ट्यूब, पुश-पुल, म्हणजे एक बाजू ढकलते तेव्हा दुसरी ओढते. तिथे आउटपुटचे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खातात. प्रीअ‍ॅम्पमधले (आउटपुटच्या आधीच्या टप्प्यातले) उरतात, तेवढं घ्या पदरात.

खिडकीची_काच: वॉटचं काय घेऊन बसलात! आमच्या डेकवर १००० वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेलं, आत धड १० वॉट नव्हते. वडील दुकानदाराशी भांडून आले होते. आता मंडळाचा डीजे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, इथे कपाटातली भांडी नाचतात.

ढोलताशा_जिंदाबाद: सणालाच बरे डेसिबल आठवतात. लग्नाच्या वरातीला कुठे असता?

खिडकीची_काच: वरातीलाही कान धरूनच असतो. तुमच्या घरात तान्हं बाळ झोपवून बघा, मग बोला.

ढोलताशा_जिंदाबाद: बाळावर येऊ नका!

पेटीमास्तर: अहो, ट्यूब राहिली बाजूला.

तार_तुटली: राहू दे. साफ आवाजाला रोलँडचा जेसी-१२० मलाही आवडतो, ट्रान्झिस्टर असून. झालं समाधान? वॉट म्हणजे वॉट, मान्य. आता माझ्या चार ईएल८४ बदलायच्या आहेत, त्याचे पैसे खरजातले साहेब देणार का?

खरजातला: १०० वॉटचा ट्रान्झिस्टर विकलास ना, त्यातून घे.