स्कॉटच्या फलकावर काय लिहावं: वीर की हेकट?

गुहागरकर:
शाळेच्या प्रदर्शनात दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीचं टेबल मांडायचंय. नॉर्वेचा अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला पोचला, ब्रिटिश स्कॉट 17 जानेवारी 1912 ला, आणि परतताना स्कॉटसह त्याच्या तुकडीतले पाचही जण दगावले, एवढं मुलांना ठाऊक आहे. जुन्या पुस्तकांत स्कॉट महावीर, नव्या व्हिडिओंत निव्वळ बावळट. फलकावर काय लिहू? टेबलावर काय ठेवू?

दर्यावर्दी_मालवण:
विशेषण नकोच, नकाशा लावा. परतीच्या वाटेसाठी अन्न-इंधनाचा ‘वन टन’ हा मोठा साठा 80 अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा बेत होता. घोडे थकले म्हणून 79 अंश 29 मिनिटांवरच उतरवला, म्हणजे 31 सागरी मैल अलीकडे. शेवटचा तंबू त्याच्या दक्षिणेला 11 मैलांवर सापडला. बेताप्रमाणे ठेवला असता तर साठा वाटेतच लागला असता. 3 ते 10 मार्च स्कॉटला भेटायला आलेल्या कुत्र्यांच्या बर्फगाड्या (स्लेज) तिथे थांबल्या होत्या, पण कुत्र्यांचं खाणंच तिथे ठेवलेलं नव्हतं. कुत्र्यांबाबतचा हुकूम कुणी, कधी, कसा दिला यावर अजून भांडणं चालू आहेत.

मास्तर_चिपळूण:
टेबलावर एका माणसाचं ध्रुवाजवळच्या पठारावरचं दिवसाचं रेशन मांडा: बिस्किटं 450 ग्रॅम, पेमिकन (वाळवलेलं मांस नि चरबी) 340, साखर 85, लोणी 57, चहा 24, कोको 16. बघायला भरपूर वाटतं. पण हे जेमतेम साडेचार हजार कॅलरी, आणि गाडी स्वतः ओढणाऱ्याला सहा हजारही पुरत नाहीत. क जीवनसत्त्व जवळपास शून्य.

शेजारी स्टोव्हच्या पंपाचा चामड्याचा वायसर ठेवा. रॉकेलच्या डब्यांच्या बुचांना चामड्याचेच वायसर होते; कडाक्याच्या थंडीत ते आक्रसले आणि तेल उडून, झिरपून गेलं. डबा उघडावा तर तेल कमी. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे पाणीही नाही. अमुंडसेनने डब्यांना डाग देऊन तोंडं बंद केली होती.

हवामान_रत्नागिरी:
सगळं साहित्यावर ढकलू नका हो. 1979 मध्ये लेखक रोलंड हंटफर्डने पुस्तकात स्कॉटला पार झोडपलं, ‘बावळट’ तिथूनच पसरलं. 2001 मध्ये हवामानशास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी हवामानाच्या नोंदी तपासून पुस्तक लिहिलं: 1912 चा मार्च नेहमीपेक्षा फारच थंड, रात्री उणे 35-40 सेल्सिअस. एवढ्या थंडीत बर्फगाडीच्या घसरपट्टीखाली पाण्याचा पातळ थरच तयार होत नाही. गाडी पुळणीत रुतल्यासारखी ओढावी लागते. पण चौघांच्या तंबूत नि हिशेबात पाचवा माणूस ऐन वेळी घेतला, तो दोष स्कॉटचाच.

गुहागरकर:
सर, लोण्याचं काय? आमच्याकडे दुपारपर्यंत तेल होईल.

मास्तर_चिपळूण:
पिवळ्या मेणाचा तुकडा चालेल. बिस्किटं झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर खारी हवा तासाभरात सादळवेल.  पेमिकनसाठी खोबऱ्याचा कीस वनस्पती तुपात थापलात तर रंग सोडून बाकी जमेल.

दर्यावर्दी_मालवण:
आणि एक दगड हवाच. मरणाच्या वाटेवरही त्यांनी 16 किलो दगड टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तसेच चंद्रपूरकडच्या कोळसापट्ट्यात सापडतात. कुणी विदर्भातून येणार असेल तर मागवा, ठसे दिसायला टॉर्च बाजूने तिरपा मारा.