रमणमळ्यातून पहाटे धावण्यासाठी नदीकाठचा मार्ग आहे का?

नवी_रमणमळकर

नमस्कार. बदलीमुळे आम्ही नुकतेच साताऱ्याहून कोल्हापुरात आलो असून रमणमळ्यात राहतो. सध्या मी एका वेळी सहा-सात किलोमीटर धावते आणि येत्या हिवाळ्यापर्यंत अर्ध-मॅरेथॉनचे 21 किलोमीटरचे अंतर पूर्ण करण्याइतकी तयारी व्हावी अशी इच्छा आहे. घरापासून पंचगंगा इतकी जवळ असल्यामुळे नदीच्या काठाकाठाने जाणारा सलग रस्ता असेल अशी माझी समजूत होती. परंतु नकाशात पाहिले तर घाट, उसाची शेते आणि मध्येच संपणाऱ्या वाटा एवढेच दिसते. असा मार्ग खरोखर आहे का, नसल्यास येथील मंडळी कोठे धावतात, आणि पहाटे साडेपाचला एकटीने बाहेर पडणाऱ्या बाईला कोणता भाग सोयीचा पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. यवतेश्वरच्या घाटाने चढाची सवय लावलेली आहे, त्यामुळे चढाची अडचण नाही.

शुक्रवारपेठ_जुना

ताई, कोल्हापुरात स्वागत. सलग असा नदीकाठचा मार्ग येथे नाही, आणि तो का नाही हे एक पावसाळा येथे काढला की आपोआप कळते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते आणि तेथून थोड्याच अंतरावर शहर लागते. त्यामुळे राधानगरीकडे आणि घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की चारी नद्यांचा फुगवटा आपल्या दारातल्या सपाट मळ्यांत येऊन पसरतो. 2019 आणि 2021 च्या पुरात आपण जेथे राहता तो रमणमळा आणि शेजारचा नागाळा पार्क या दोन्ही भागांत पाणी शिरले होते. अशा काठावर घाट, देवळे आणि ऊस टिकतो, पदपथ टिकत नाही. म्हणूनच कोल्हापूरकर नदीवर हात जोडायला आणि पोहायला जातो, पळायला मात्र तळ्यावर जातो.

तळे म्हणजे अर्थातच रंकाळा. त्याची एक फेरी चार-साडेचार किलोमीटरची होते, त्यामुळे अंतर मोजण्याची कटकट राहत नाही. पाच फेऱ्या झाल्या की आपले 21 किलोमीटर जवळपास भरतात. पहाटे पाचपासूनच तेथे चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते, निवृत्त मंडळी, महिलांचे गट, तालमीतील पोरे असे सगळेच असतात, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या वर्दळीतच आहे. शालिनी पॅलेसच्या बाजूला झाडे आणि गारवा आहे, तर चौपाटीच्या बाजूला मोकळी हवा आहे. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. पदपथाचा बराच भाग पेव्हिंग ब्लॉकचा आणि फरशीचा असल्याने रोज तेथेच धावल्यास पोटऱ्या आणि गुडघे कुरकुर करू लागतात, शिवाय शेवाळ धरलेल्या फरशीवर पावसाळ्यात पाय घसरतो. आणि संध्याकाळी तिकडे फिरकूच नये. भेळेच्या गाड्या, फुगेवाले आणि सहकुटुंब आलेली गर्दी यांतून धावणे म्हणजे जत्रेत सायकल चालवणे होय.

रमणमळ्यापासून रंकाळा तीन-चार किलोमीटरवर असल्याने धावतच जाऊन, एक फेरी मारून, धावतच परत येणे हा आपल्यासाठी उत्तम मध्यम पल्ला ठरेल. परतताना गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध मिळते. धावून आल्यावर लगेच पेलाभर पिणे सर्वांच्या पोटाला मानवत नाही, तरीही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बावडेकर

वरील उत्तरातील रंकाळ्याची माहिती योग्य आहे, पण नदीकाठी धावताच येत नाही हे म्हणणे पेठेतल्या माणसाचे झाले. कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्याकडे जाणारा रस्ता रमणमळ्याहून अगदी सोयीचा आहे, बहुतांशी सपाट आहे आणि गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस व समोर नदी असते. बंधारा ओलांडून पलीकडे निगवे आणि वडणगे, तेथून पन्हाळा रस्त्याला लागून शिवाजी पुलावरून शहरात, असा मोठा फेरा मारता येतो. तो दहा किलोमीटरपेक्षा बराच अधिक भरतो, त्यामुळे रविवारच्या लांब धावेसाठी राखून ठेवावा. नदी दोनदा ओलांडायला मिळते, एकदा बंधाऱ्यावरून आणि एकदा पुलावरून. ज्यांना नदीच हवी आहे त्यांना कोल्हापुरात याहून चांगले काही मिळेल असे मला वाटत नाही.

मात्र हा मार्ग वर्षभराचा नाही. पंचगंगेची पातळी याच राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी पोरालाही पाठ असतात. परंतु धावणाऱ्याने इशारा पातळीची वाट पाहू नये, कारण बंधारा स्वतः त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. वर्तमानपत्रात 'राजाराम बंधारा पाण्याखाली' ही ओळ दिसली की फेरा बंद, आणि रेडेडोह फुटल्याची, म्हणजे पुराचे पाणी पात्राबाहेर पडून शेतांतून पसरल्याची, बातमी आली की पन्हाळा रस्ताही बंद, असे समजावे. पाणी ओसरल्यावरही बंधाऱ्यावर गाळ राहतो आणि वाळेपर्यंत तो निसरडा असतो. पाणंदींचे तर विचारूच नका. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलण्यातच दमछाक होते. त्या वाटा दसऱ्यानंतर वाळून कडक होतात आणि मग डांबरापेक्षा पायाला कितीतरी सुखाच्या वाटतात.

दसरा-दिवाळीनंतर दुसरी अडचण सुरू होते, ती गळीत हंगामाची. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात, ट्रॉलीबाहेर आलेले ऊस अंधारात दिसत नाहीत आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही. त्यामुळे हिवाळ्यात या रस्त्यावर उजाडल्यावरच जावे, समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने उजव्या कडेने धावावे आणि ट्रॅक्टर आला की सरळ रस्त्याखाली उतरून उभे राहावे. यात कमीपणा नाही.

सागरमाळ_साडेपाच

चढाची सवय असेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर सोडू नये. आठशेहून अधिक एकरांचा हा परिसर उताराच्या माळावर वसलेला असल्यामुळे आतले रस्ते सतत चढ-उताराचे आहेत, झाडी भरपूर आहे, वाहने कमी आणि मोर बरेच. शेजारी राजाराम तलावही आहे. सकाळच्या प्रवेशाच्या वेळा आधी फाटकावर विचारून घ्याव्यात. दक्षिणेला कळंबा तलावाचा बांध हाही एक पर्याय आहे, परंतु आपल्याला तो शहर ओलांडून गाठावा लागेल, आणि एवढ्यासाठी गाडी काढणे मला तरी पटत नाही.

नवी_रमणमळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारसाठी बंधाऱ्याचा फेरा, पण दसऱ्यानंतर आणि उजाडल्यावर, हे पक्के केले. आता अडचण उरते ती रोजच्या धावेची: ऑफिसमुळे मला सातच्या आत घरी परतावे लागते आणि दररोज रंकाळ्यापर्यंत जाणे जमणार नाही. घराजवळ, दिव्यांच्या उजेडात, पाऊण तास धावता येईल अशी जागा कोणी सुचवू शकेल का? भटक्या कुत्र्यांचीही थोडी भीती वाटते.

लाइनबाजार_ताई

मी याच भागात पहाटे धावते, म्हणून लिहिते. आपला रोजचा रस्ता लाइन बाजार, पोलीस मैदान आणि ताराबाई पार्क या पट्ट्यातच ठेवावा. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली या बाजूला अंधार असतानाच धावायला येतात; मुली 800 मीटरचा आणि मुले 1600 मीटरचा सराव घड्याळ लावून करीत असतात, त्यामुळे एकटे असल्यासारखे वाटत नाही आणि त्यांच्यामुळे आपलाही वेग नकळत वाढतो. ताराबाई पार्कातील आतले रस्ते रुंद आहेत आणि त्या वेळी वाहने जवळजवळ नसतात. दोन-तीन गल्ल्या धरून आपला ठरावीक वळसा आखून घेतला की पाऊण तास सहज निघतो.

उजेडाचा हिशेब साताऱ्यासारखाच आहे: जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे आपली सगळी धाव अंधारात होणार. गडद कपडे टाळावेत, अंगावर चमकणारी पट्टी असावी आणि हातात लहान बॅटरी घ्यावी. कुत्र्यांचा त्रास मुख्यतः कचऱ्याच्या ढिगाजवळ आणि मटणाच्या दुकानांच्या आसपास होतो. अशा जागा पहिल्या आठवड्यातच लक्षात येतात, त्या वळशातून वगळाव्यात. कुत्रे अंगावर आलेच तर पळू नये, थांबून त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे आणि मग चालत पुढे जावे. कानात गाणी लावायची असतील तर एकच कान अडवावा.

रविवारी बंधाऱ्याच्या फेऱ्याला जाताना सोबत हवी असल्यास येथेच कळवावे. आम्ही तिघी-चौघी दसऱ्यानंतर बावड्यातून निघतो, आमचा वेग फार नाही, आणि वडणग्यात चहाला थांबतो हे आधीच सांगून ठेवते.