तुमच्या हातात कोण राहतं? (अनुभव धागा)

तळ्याकाठची, ठाणे

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलस्ट्रेशन घेतलंय. मागच्या महिन्यात तलावपाळीवरच्या भेळवाल्याचं चित्र सबमिशनला दिलं. सरांनी कागद लांब धरला, जवळ आणला आणि विचारलं, "हा माणूस कांदा कधी चिरतो?"

मला आधी कळेचना. मग बघितलं, तर भेळवाल्याला बशीएवढे डोळे, टोकदार हनुवटी आणि बोटं इतकी निमुळती की सुरी दिली असती तर गळूनच पडली असती. आठवीपासून जपानी कॉमिक्स बघून वह्या भरल्यात मी. दोन तास त्याच्यासमोर कठड्यावर बसले होते, पण हाताने काढलं ते आठवीतलंच.

घरी आजोबांच्या ट्रंकेत 'दीपावली'चे जुने अंक आहेत. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेला अंक हा. त्यातल्या एका बाईच्या पदराची रेघ ट्रेसिंग पेपरवर गिरवायला घेतली. खांद्यावर बारीक, कोपराच्या वळणाला जाड, पुन्हा बारीक, आणि हे सगळं एका दमात. माझी पेनाने सात तुकड्यांत झाली. मग गोल ब्रश आणि काळी शाई काढली. रविवार त्यात गेला, आई जेवायला हाका मारून दमली, पण संध्याकाळी रेघ जमली एकदाची. सोमवारी त्याच तोऱ्यात मैत्रिणीचं चित्र काढलं, तर तिच्या डोक्यावर अंबाडा! तिचा बॉयकट आहे.

म्हणजे एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला. तुमच्या हातात कोण राहतं? कधी आलं, गेलं का? लिहा. चित्रकारच असायला हवं असं नाही.

कोपरीचा रंगारी

पोरी, दुसरा भाडेकरू चांगला निवडलास. माझ्याकडे देवादिकांची कॅलेंडरं काढणारे रघुवीर मुळगावकर राहिले, पुष्कळ वर्षं.

कोपरीत माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. नंबरप्लेट, दुकानांचे बोर्ड, गणपतीत मंडळांचे पडदे. पडद्यावर लक्ष्मी हवी असली की गिऱ्हाईक मुळगावकरांचं कॅलेंडरच आणून द्यायचं, "अश्शीच." कॅलेंडरवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, पडद्यावर खडूने मोठ्या चौकटी, आणि एकेक घर भरत जायचं. नाक कुठे येतंय ते नाक पूर्ण झाल्यावरच कळायचं. त्यांच्या चित्रातला गालाचा गुळगुळीतपणा स्प्रेचा. आमच्याकडे कुठला स्प्रे? कोरडा ब्रश थोपटून थोपटून रंग मिसळायचो, तरी गाल खरबरीतच. एका मंडळाच्या म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, लक्ष्मीला देवी आल्या होत्या काय?"

त्या वर्षापासून गालांचा नाद सोडला. सपाट रंग आणि जाड काळी कड. राग म्हणून सुरू केलं ते, पण पुढे लोक लांबून ओळखायला लागले, ही पाटी कोपरीवाल्याची. फ्लेक्स आला आणि धंदा बसला, ते वेगळं.

नेरूळकर

मी चित्रकार नाही, बँकेतून निवृत्त झाले. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला सी ग्रेड, कारण स्थिरचित्रातला तांब्या टेबलावरून घसरत होता. माझ्या हातात कुणी असेलच तर हास्यचित्रकार शि. द. फडणीस, तेही गणिताच्या पाठ्यपुस्तकातले. गणित आलं नाही, चित्रं आली. शब्द नसताना माणूस कसा हसतो, हे मी भागाकाराच्या पानावर शिकले.

आता तळ्यावर जाऊन फ्लेमिंगो काढते. पहिल्या वर्षी सगळे गुलाबी काढले, कौतुकही झालं. मग एका पक्षीवेड्या मुलाने दुर्बीण हातात दिली आणि बघते तर थव्यातले बरेचसे मातकट, राखाडी. पिल्लं तशीच असतात म्हणे, तो रंग खाण्यातून हळूहळू चढतो. संपलेली गुलाबी ट्यूब नंतर बरेच दिवस आणलीच नाही.

घणसोली लोकल

पिंटरेस्ट, ते चित्रं बघायचं ॲप, आठ दिवस बंद करून बघा. मी चौथ्या दिवशी उघडलं.

ऐरोलीचा एक

माझी आई वारली (म्हणजे जमातीने; ती ठणठणीत आहे). माहेर जव्हारकडचं.

कॉलेजात 'लोककला' असा विषय आला तेव्हा वर्ग माझ्याकडेच बघायला लागला. मीही चढलो. काळ्या चकचकीत कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने तारपा नाच, झोपड्या, बैलगाडी, आणि कोपऱ्यात मोबाइलवर बोलणारा माणूस, म्हणजे 'आधुनिक'. ए ग्रेड मिळाली. सुट्टीत आईच्या आत्याला दाखवलं. तिने नीट बघितलं आणि विचारलं, "लगीन कुणाचं?"

तिच्या लेखी चित्र निघतं ते लग्नाच्या घरात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सवाशिणी चौक, म्हणजे चौकोनी चित्र लिहितात, आत पालघट देवी. 'काढतात' नाही, 'लिहितात'. जिव्या सोमा म्हशे यांनी हे लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणलं, २०११ ला पद्मश्री झाली त्यांना, आणि त्यांच्यामुळेच माझ्यासारख्याला वर्गात भाव मिळाला. ते मान्यच. पण त्यांच्या कागदावरचं जाळं बघा, एकेक मासा वेगळा वळलेला. माझी माणसं शिक्का मारल्यासारखी होती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की झाला माणूस, असं वाटायचं मला. आत्याने काडी हातात देऊन एक बाई लिहायला लावली. वरचा त्रिकोण जरासा कलला की बाई वाकून भात लावते, सरळ ठेवला की नुसती उभी. एवढंच सांगितलं आणि चहा टाकायला गेली. मी अंधार पडेपर्यंत वाकलेल्या बायका लिहीत बसलो.

आता सोसायटीच्या गेटवर, कॉफीच्या मगावर 'वारली' दिसलं की चिडायचं का आनंदायचं, ठरत नाही.

सीबीडीवाली

मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत वाढले. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी तिथे सात-सात घरं एकेका अंगणाभोवती बसवली होती. पुढे लोकांनी मजले चढवले, आमचंही घर त्यातलंच. माझ्या चित्रांत रस्ते कधीच येत नाहीत, चौफेर घरं आणि मध्ये रिकामी जागा. कुणी चित्रकार नाही, हातात ते अंगणच राहतं बहुतेक.

तळ्याकाठची, ठाणे

दादा, तुमच्या आत्याचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

काल परत तळ्यावर गेले. चेहरा काढायचा नाही असं ठरवून फक्त हात काढले, चौदा. गिऱ्हाईक ओसरल्यावर भेळवाले काका स्वतःच वाकून बघायला आले. म्हणाले, "अंगठा चुकला," आणि डावा अंगठा माझ्या वहीवर ठेवला. नख अर्धंच आहे, पूर्वी कधीतरी कैरी चिरताना गेलेलं. चौदा वेळा काढला होता तो अंगठा मी, आणि चौदाही वेळा अख्खं नख. वहीच्या त्या पानावर आता चिंचेच्या चटणीचा डाग आहे. उद्या परत जाते, सोमवारी गर्दी कमी असते.