एफ-२५० चा बॉल जॉईंट सुटतच नाहीये, काय करू?

लान्सिंगकर:
मंडळी मदत हवीये. माझा २००६ चा फोर्ड एफ-२५० आहे, फोर बाय फोर. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे दर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गाडीच्या खाली सगळं गंजून गेलंय. दोन महिने झाले, खड्ड्यात गेलं की पुढून खट खट आवाज येतोय, जॅकवर घेऊन चाकाखाली टॉमी घालून उचललं तर लोअर बॉल जॉईंटला (ज्यावर चाक वळतं तो सांधा, प्रत्येक बाजूला एक वर एक खाली) चांगलाच प्ले म्हणजे ढिलेपणा दिसला. चारही नवीन आणून ठेवलेत. काल सकाळपासून लागलोय. आधी हबच (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजून नकलला (हब धरणारा, चाकाबरोबर वळणारा लोखंडी भाग) धरून बसला होता त्यात अर्धा दिवस गेला, तो निघाला, शाफ्ट बाहेर काढला, स्प्लिट पिन काढली, दोन्ही नट सैल केले आणि इथेच अडकलोय, नकल ॲक्सलपासून सुटतच नाही. सांधा उचकटायचा काटा घालून ठोकला तर नुसतं रबर फाटलं. वरून जॉईंटच्या स्टडवरच (नट बसतो त्या दांड्यावर) घण मारला तर आटे चेपले. दुकानातून डिपॉझिट भरून जॉईंट दाबून काढायचा-बसवायचा प्रेस आणलाय पण तो वापरायची वेळच येईना. गॅसने तापवू का? सोमवारी हीच गाडी कामाला न्यायचीये.

सांगली_गॅरेज:
स्टडवर मारणं आधी बंद कर. तो स्टड निमुळता असतो, नट आवळला की पाचरीसारखा भोकात रुतून बसतो. डोक्यावर मारलंस की डोकं फुलतं, मग नटपण निघत नाही आणि काम दुप्पट. मार द्यायचा तो भोकाभोवतीच्या लोखंडाला, आणि आडवा. ॲक्सलच्या टोकाला वर-खाली दोन कान आहेत ना, स्टडचे निमुळते टेपर त्यात बसलेत. कानाच्या एका अंगाला जड घण टेकवून कुणाला तरी धरायला सांग आणि समोरच्या अंगाने दोन किलोचा हातोडा पूर्ण ताकदीने. हळू हळू पन्नास टोले मारून काही होत नाही, तीन-चारच मार पण मनापासून. दणक्याने भोक क्षणभर हलतं आणि पाचर सुटते. आम्ही ट्रकचे टायरॉड एंड वर्षानुवर्षं असेच काढतोय, काटा हातात घेत नाही. आणि नट पूर्ण काढू नको बाळा, चार-पाच आटे धरून राहू दे, नकल एकदम खाली येते आणि तिचं वजन पायावर पडलं तर बोटं जातात.

ओहायो_पुणेकर:
काकांनी सांगितलंय तेच कर, मी ह्याच मॉडेलवर केलंय. फक्त ह्या गाडीची एक भानगड आहे ती सांगतो. अप्परचा स्टड थेट कानात नाही बसत, मध्ये कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ॲडजस्ट करायची स्लीव्ह असते. ती पण गंजून चिकटते. काढायच्या आधी ती कुठल्या तोंडाने बसलीये त्याची खूण कर, फोटो पण काढून ठेव, नाहीतर नंतर कॅम्बर बिघडेल.

गॅस वापरायचाच असेल तर कान तापव, स्टड नाही. बाहेरचं लोखंड फुगलं तरच फायदा. लालबुंद करायचं नाही आणि वरून पाणी तर अजिबात मारायचं नाही. एबीएसची वायर आधी बाजूला बांध, ब्रेकचा कॅलिपर वायरने टांगलाय ना? होजवर लोंबकळत ठेवू नको. जॉईंटमधलं ग्रीस पेट घेतं त्यामुळे फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच.

तुझ्या गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग ॲक्सल) आहे म्हणून नकल सुटताना स्प्रिंग उसळायची भीती नाही. पण इतर कोणी वाचत असेल, ज्यांच्या पिकअपला पुढे विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली आर्म) आणि वेगळी कॉइल स्प्रिंग आहे त्यांनी लोअर आर्मखाली जॅक लावल्याशिवाय बॉल जॉईंटला हात लावू नये. त्या स्प्रिंगमध्ये माणूस मारायची ताकद असते, हे मी गंभीरपणे सांगतोय.

लान्सिंगकर:
सुटला!! शेजाऱ्याला घण धरायला लावला, लोअर तिसऱ्या टोल्यात सुटला. अप्परला कान थोडा तापवून मारावं लागलं. काका मनापासून आभार. आता नकल बाकावर आहे पण जुना लोअर जॉईंट प्रेसने हलत नाही, स्क्रू आवळून आवळून प्रेसची फ्रेमच वाकायला लागलीये.

सांगली_गॅरेज:
सर्कलिप (जॉईंट अडकवून ठेवणारी रिंग) काढलीस का? गंजात दिसत नाही, वायर ब्रशने घासून बघ.

ओहायो_पुणेकर:
+१, माझी पण तशीच राहिली होती. आणि फ्रेम वाकत असेल तर तो प्रेस छोट्या गाड्यांचा दिला असेल, बदलून मोठा आण. लोअर आधी काढ म्हणजे अप्परला जागा होते. प्रेसच्या स्क्रूला ग्रीस लाव, लांब पाइप घालून ताण दे आणि त्या ताणावर नकलला भोकाच्या बाजूने हातोडा मार, धाडकन आवाज होऊन निघेल. गॉगल घाल आणि प्रेसच्या सरळ रेषेत उभा राहू नको.

नवीन जॉईंट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. भोक एमरी पेपरने साफ कर. बसवताना लोअर आधी, आणि दाब बाहेरच्या कडेवरच यायला हवा, मधल्या टोपीवर नाही. तिरका जातोय असं वाटलं तर लगेच थांब, बाहेर काढ आणि परत सरळ लाव, जबरदस्ती केली तर भोक खराब होऊन नकलच बदलावी लागेल. टेपरला ग्रीस लावायचं नाही, कोरडा आणि स्वच्छ हवा. लोअरचा नट आधी थोडाच, मग अप्परचा पूर्ण, मग परत लोअरचा पूर्ण, टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधून घे. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा आवळ, मागे घेऊ नको. आणि शाफ्टवरचं व्हॅक्यूम सील नवीन टाक, ऑटो हब व्हॅक्यूमवर लॉक होतात, जुनं परत लावलंस आणि ते गळलं तर फोर व्हील लागणार नाही आणि सगळं परत खोलावं लागेल.

लान्सिंगकर:
सर्कलिप होती, गंजात पूर्ण झाकली गेली होती. मोठा प्रेस आणला आणि निघाला जॉईंट. नवीन फ्रीजरमध्ये टाकलेत, सील उद्या सकाळी दुकान उघडलं की आणतो आणि सोमवारी कामावर जायच्या आधी अलाइनमेंट करून घेतो.