‘कलर्ड पीपल’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : अमेरिकेतल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संघटनेच्या नावाचा अनुवाद ‘रंगीत लोकांच्या उद्धाराची राष्ट्रीय संस्था’ असा केला तर चालेल का?

– ‘रंगीत’ नकोच! रंगीत तालीम असते. माणूस रंगीत म्हटला की रंगेल आठवतो. शब्दशः ‘वर्ण असलेले’ म्हणावं तर ‘सवर्ण’ होतं, म्हणजे नेमकं उलटं टोक. ‘कृष्णवर्णीय’ सोयीचा आहे, पण तो ‘ब्लॅक’चा प्रतिशब्द. संघटना निघाली त्या काळी ‘कलर्ड’ हा सभ्य शब्द होता, ‘ब्लॅक’ अनेकांना झोंबायचा.

लिंकन जिथे वकिली करायचे त्या इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये १९०८ साली वंशद्वेषी दंगल झाली. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९०९ला, लिंकनच्या जन्मशताब्दीचा मुहूर्त साधून, संघटनेसाठीचं आवाहन निघालं. आधीचं नाव ‘नॅशनल निग्रो कमिटी’. ‘कलर्ड’ आला १९१०मध्ये. आज ‘निग्रो’ खटकतो, पण संस्थापकांपैकी एक, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस, तो हक्काने वापरत. त्यांचं भांडण होतं ते पहिल्या अक्षराशी : ‘एन’ मोठ्या लिपीतलाच हवा. न्यूयॉर्क टाइम्सने ते १९३०मध्ये मान्य केलं. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे ही अख्खी लढाई अनुवादात गडप होते. तिथे तळटीप द्यावीच लागेल.

१९२८मध्ये एका शाळकरी मुलाने ‘निग्रो’ शब्दावर आक्षेप घेतला, तेव्हा संघटनेच्याच ‘क्रायसिस’ मासिकातून ड्यूबॉइसनी उत्तर दिलं, की नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. आंबेडकरांनी १९४६मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रातही ‘निग्रो’च आहे. जुना मजकूर अनुवादताना तो पुसू नये.

प्रश्न : आणि ‘उद्धार’?

– तोही नको. उद्धार दुसरा कुणी करतो; शिवाय आपल्याकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार होतो तो वेगळाच! ही मंडळी तर कोर्टात जाऊन हक्क मागत होती. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ब्राउन खटला त्यांच्याच वकिलांनी, थर्गुड मार्शल यांच्या नेतृत्वाखाली लढवला. ‘उन्नती’ बरा, कारण उन्नती आपली आपणही करता येते.

बाकी, तिकडे पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही. ‘एन डबल ए सी पी’ म्हणतात. पहिल्यांदा पूर्ण नाव देवनागरीत द्यावं, पुढे हे लघुरूपच लिहावं.